उद्या आमच्या गल्लीत गोळीबार आहे

लॉस एंजेलिसमध्ये राहायला आलेल्या माणसाला पहिल्या एक-दोन वर्षांत दोन कागद हमखास मिळतात. एक पार्किंगच्या दंडाचा आणि दुसरा दाराच्या मुठीला अडकवलेला, चित्रीकरणाच्या सूचनेचा. दंडाच्या कागदाबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही, तो जगात सगळीकडे सारखाच. दुसरा कागद मात्र मी अजूनही नीट वाचतो. कार्यक्रमाचं नाव काय, कुठल्या पत्त्यावर शूटिंग, माणसं किती वाजता येणार, सामान आवरून किती वाजता जाणार, ट्रक रस्त्याच्या कुठल्या बाजूला लागणार, आवाज कसला होणार, धूर सोडणार का, खोटा पाऊस पाडणार का, हे सगळं एका पानात. तळाशी दोन फोन नंबर. एक शूटिंगवाल्यांचा आणि एक 'फिल्म-एलए' या संस्थेचा.

मी सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतो. मधल्या डोंगराच्या त्या अंगाला हॉलीवूड आणि या अंगाला आम्ही. बैठी घरं, पुढे हिरवळीचा तुकडा, रस्त्याला ताडाची झाडं. अमेरिकेतलं कुठलंही गाव म्हणून खपेल असा हा भाग, त्यामुळे इथे सारखं काहीतरी चित्रित होत असतं. माझी नोकरी सॉफ्टवेअरची. सिनेमाशी संबंध तिकीट काढण्यापुरता, एक अपवाद सोडून. त्याबद्दल पुढे सांगतो. सात वर्षांत आमच्या दारावर असे अकरा कागद आले. बारावा आला तेव्हा आई-बाबा सहा महिन्यांसाठी इथे आले होते.

दार उघडून तो कागद बाबांनीच आत आणला. बाबा वाईच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. छापील वेळ दिसली की त्यांना राहवत नाही. चष्मा लावून त्यांनी तो वेळापत्रकासारखा वरपासून खालपर्यंत वाचला आणि आईला म्हणाले, "उद्या संध्याकाळी सात ते नऊ गोळीबार आहे."

आईला वाटलं, बाबांची चेष्टा चालली आहे. तिने कागद माझ्याकडे आणून दिला. खरंच होतं. चार घरं सोडून एका बंगल्यात कुठल्याशा मालिकेचं शूटिंग होतं आणि लुटुपुटीच्या गोळीबाराचा आवाज येईल, घाबरू नये, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. "गोळीबाराची आमंत्रणपत्रिका पहिल्यांदाच बघतेय," आई म्हणाली.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. "आपण नको म्हटलं तर?"

"तरी होणार."

"मग विचारतात कशाला?"

"विचारत नाहीत बाबा, सांगतात."

बाबांना हे पटलं नाही. सांगणं आणि विचारणं यात फरक काय, आणि नुसतंच सांगायचं असेल तर एवढा कागदाचा खर्च कशाला, हा त्यांचा मुद्दा दोन दिवस चालला. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण इथल्या सगळ्या व्यवस्थेचा पाया तोच आहे.

लॉस एंजेलिस शहरात आणि काउंटीच्या बऱ्याच भागात शूटिंगचे परवाने थेट नगरपालिकेच्या खिडकीवर मिळत नाहीत. ते काम फिल्म-एलए ही ना-नफा संस्था बघते. १९९५ मध्ये ती वेगळ्या नावाने सुरू झाली, आताचं नाव नंतरचं. परवाना मागितला की संस्था शूटिंगच्या जागेभोवती साधारण ५०० फूट, म्हणजे आपले दीडशे मीटर, इतक्या अंतरातल्या घरांना आणि दुकानांना सूचना पोचवते. त्याचे पैसे अर्थात शूटिंगवाल्यांकडून. निवासी भागात कामाच्या नेहमीच्या वेळाही ठरलेल्या आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते रात्री १०, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ९ पासून. 'सकाळी ७' म्हणजे पहिला ट्रक ७ ला यायचा. पहाटे पाचला येऊन इंजिन चालू ठेवून वाट बघत बसायचं नाही. हे नियम पाळून काम होणार असेल तर शेजाऱ्याला नकाराचा अधिकार नाही. त्याला माहिती असण्याचा मात्र पूर्ण हक्क आहे.

नियमाबाहेर जायचं असेल तर चित्र बदलतं. रात्री दहानंतरचं काम, रस्ता पूर्ण बंद करणं, स्फोट किंवा तसला मोठा आवाज अशा गोष्टींसाठी आसपासच्या घरांत सह्यांचा सर्व्हे करायला सांगतात. मग एक मुलगा किंवा मुलगी क्लिपबोर्ड घेऊन दारोदार फिरते. हरकत आहे की नाही, आणि असल्यास काय, ते लिहायचं. मी एकदा 'हरकत नाही, पण मागच्या गल्लीतून कचऱ्याची गाडी येते, ती अडवू नका' असं लिहिलं होतं. त्या बुधवारी मागची गल्ली खरोखर मोकळी होती. म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं : रोजचं असेल तर सांगतात, जास्तीचं असेल तर विचारतात. ही रेघ कुठे ओढायची, यावरच सगळी भांडणं असतात.

बाबांच्या डोक्यात शूटिंग म्हणजे मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. 'स्वदेस'मधलं गाव बऱ्याच अंशी तिथलंच. २००४ मध्ये तो सिनेमा आला. त्याचं शूटिंग चालू होतं तेव्हा बाबा नोकरीत होते. ते सांगतात, बातमी आधी डेपोत यायची, मग गावात. मेणवलीकडच्या गाडीला उभं राहायला जागा नसायची. तिथे दारावर कागद लावून शेजाऱ्याला कळवा म्हणणं म्हणजे वरातीच्या घरी बँड आल्याचं कळवण्यासारखं. शेजारी आधीच घाटाच्या पायरीवर डबा घेऊन बसलेला. (नासातला इंजिनीअर गावी परत जातो ही गोष्ट आमच्या पिढीतल्या किती जणांनी अमेरिकेत बसून डोळे पुसत पाहिली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

इथे उलट आहे. शूटिंग बघायला कोणी जमत नाही. विजेच्या खांबांवर पिवळ्या पाट्या लागतात, त्यावर एकच विचित्र शब्द आणि बाण. तो शब्द म्हणजे युनिटच्या माणसांसाठीची खूण; सिनेमाचं खरं नाव मुद्दाम देत नाहीत. एकच शब्द एकदा सुलटा आणि एकदा उलटा छापलेला, म्हणजे पाटी फिरवली की बाण दुसऱ्या दिशेला आणि शब्द तरी वाचता येतो. बाबांना ही युक्ती फार आवडली. "आमच्या बोर्डांना असं पाहिजे होतं," म्हणाले. रस्त्यावरून कुत्रा फिरवणारी माणसं त्या पाटीकडे बघतही नाहीत. त्यांना फक्त एवढंच हवं असतं, की गाडी गॅरेजमधून बाहेर काढता आली पाहिजे आणि बाळ झोपलं पाहिजे. काही जण वैतागलेलेही असतात. ऐन शॉटच्या वेळी पानं उडवायचं यंत्र चालू करून बसायचं आणि पैसे मिळाल्याशिवाय बंद करायचं नाही, असे शेजाऱ्यांचे किस्से लोकेशनवाल्यांच्या तोंडी नेहमी असतात. सगळे खरे असतील असं नाही, पण यंत्राचा आवाज ऐकला की ते खरे वाटतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा घड्याळ घेऊन खिडकीत बसले. पहिला आवाज झाला तेव्हा म्हणाले, "सात दहा. दहा मिनिटं लेट." आई आतल्या खोलीत फोनवर मावशीशी बोलत होती. प्रत्येक आवाजाला ती थांबायची आणि मावशीला सांगायची, "काही नाही गं, शूटिंग आहे, कागद आला होता." नऊ वाजेपर्यंत हे चाललं.

मला त्या संध्याकाळी त्या कागदाची किंमत कळली. मी ऑफिसात असतो, बायको तिच्या कामावर असती, आणि हे दोघंच घरी असते तर? भारतात असा आवाज आला तर पहिला विचार फटाक्यांचा. लग्न असेल, क्रिकेटची मॅच जिंकली असेल. इथे तसं होत नाही. इथे तो आवाज ऐकून लोक मुलांना घेऊन बाथरूममध्ये बसतात आणि ९११ फिरवतात. पोलीस येतात ते हत्यार हातात घेऊनच. आईला ९११ माहीत आहे, पण फोनवर इंग्रजीतून काय सांगायचं हे त्या घाबरलेल्या क्षणी तिला सुचलं नसतं.

ही भीती काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिल नावाच्या छोट्या गावात एका बारमध्ये दरोड्याच्या प्रसंगाचं चित्रीकरण चालू होतं. चेहऱ्यावर बुरखा, हातात खोटं पिस्तूल, असा नट पाठमोरा दारातून बाहेर आला. बाहेर खरे पोलीस उभे होते, कारण कोणीतरी खरा दरोडा समजून फोन केला होता. हत्यार खाली टाक, असा त्यांनी हुकूम दिला, नट वळला आणि एका पोलिसाने गोळी झाडली. ती लागली नाही. नटाने बुरखा ओढून काढला आणि सिनेमाचं शूटिंग आहे म्हणून ओरडला. नंतर राज्य पोलिसांनी सांगितलं, की या शूटिंगची कल्पना ना पोलिसांना दिली होती ना शेजारच्या दुकानांना. फोन करणाऱ्याची यात काहीच चूक नाही. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. त्याला आदल्या दिवशी एक कागद मिळाला असता, तर तो बारच्या खिडकीपाशी उभं राहून मजा बघत बसला असता.

आता अपवादाबद्दल. आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींचा एक नाटकाचा ग्रुप आहे. गणपतीत एकांकिका, दिवाळीत काहीतरी हलकंफुलकं, असं चालायचं. गेल्या वर्षी एकांकिकेऐवजी लघुपट करायचं ठरलं. गोष्ट साधी : परदेशात एकटी राहणारी एक आजी, रात्री मागच्या अंगणात कोणीतरी शिरल्याचा तिला भास होतो, ती किंचाळते. शूटिंग आमच्याच एका मित्राच्या घरी. दिग्दर्शक म्हणाला, "घर आपलं, अंगण आपलं, किंकाळी आपली. लोकांना काय सांगायचं?" त्यावर ग्रुपमधली, इथेच वकिली करणारी मैत्रीण म्हणाली, "किंकाळी आपली, पण कान त्यांचे."

परवाना रीतसर काढला. या शहरात स्वतःच्या घरातही, निव्वळ घरगुती व्हिडिओ सोडला, तर परवाना लागतो, आणि त्यासोबत दहा लाख डॉलरचा विमा. विम्याचा हप्ता कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा जास्त पडला, त्यावरून ग्रुपवर दोन दिवस मेसेजांची फैर झडली. सूचनेचे कागद संस्थेच्या माणसांनी लावले. तरीही शनिवारी दुपारी आम्ही तिघं स्वतः फिरलो, कारण छापील कागदात 'किंकाळी' हा शब्द एका ओळीत बसतो, पण त्याने होणारं काम एका ओळीचं नसतं.

बावीस घरं. निम्म्याहून अधिक ठिकाणी दार उघडलंच नाही, कॅमेऱ्याच्या बेलमधून आवाज आला. भर दुपारी एखाद्या बेलच्या डोळ्यात बघून "मंगळवारी रात्री एक बाई किंचाळेल, पण ती आमचीच आहे" असं इंग्रजीत समजावून सांगणं किती अवघड आहे, ते करून बघावं. तिघेही सावळे, तिघांच्या हातात कागद. दोन ठिकाणी आम्ही काहीतरी विकायला आलोय असं समजून नको म्हणाले. एका घरात ग्वाटेमालाच्या आजी होत्या, त्यांना इंग्रजी अजिबात वाचता येत नव्हतं. दारावरचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. सरकारी नोटीस असेल, मुलगा आल्यावर दाखवू, म्हणून. माझ्या आईने जे केलं असतं तेच. आमच्यातल्या एकीला कामापुरतं स्पॅनिश येतं, तिने सांगितलं. त्या हसल्या आणि आजीचं काम कोण करतंय असं विचारलं. त्यानंतर आम्ही कागदाच्या मागच्या बाजूला चार ओळी स्पॅनिशमध्ये छापून पुन्हा वाटल्या. संस्था काय करते, नियम काय सांगतो, तो भाग वेगळा. ज्याला वाचता येत नाही त्याला सूचना मिळाली, असं मी तरी म्हणणार नाही.

कोपऱ्यावरच्या घरात एक नर्स राहते, तिची रात्रपाळी. तिला मंगळवारच्या रात्रीशी देणंघेणं नव्हतं, ती घरी नसणारच होती. तिचा प्रश्न होता की दिवसा तालीम आहे का. होती, सकाळी दहाला. ती आम्ही दुसऱ्या मित्राच्या घरी हलवली. हे कागदात कुठेच येत नाही. शूटिंगची वेळ लिहितात, तालमीची कोण लिहितं?

आणि एक गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे. दार उघडून त्यांनी आमचं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, मी व्हिएतनामला होतो. दिवसा काही वाटत नाही, रात्री अचानक आवाज आला की त्रास होतो. तुम्ही शूटिंग करा, फक्त प्रत्येक किंकाळीआधी मला फोन कराल का? 'सात ते दहाच्या दरम्यान' असं सांगून त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. ते तीन तास ते वाट बघत बसले असते, आणि वाट बघणं हेच जास्त वाईट, असं त्यांनीच सांगितलं.

त्या रात्री किंकाळीचे सात टेक झाले. सातही वेळा फोन केला. पहिल्यांदा "पाच मिनिटांत," मग "दोन मिनिटांत," मग नुसतं "आता." सातव्या वेळी त्यांनी विचारलं, "हीच शेवटची का?" मी दिग्दर्शकाकडे बघितलं, त्याने मान हलवली, मी हो म्हटलं. दिग्दर्शकाला नंतर आठवा टेक हवा होता. घ्यायचा नाही, असं बाकी सगळ्यांनी सांगितलं. लघुपटात सहावा टेक आहे.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, की अमेरिकेत कॅमेरा उचलायचा म्हणजे गल्लीभर सह्या घेत फिरायचं. तसं नाही, आणि तसं होऊही नये. सार्वजनिक फूटपाथवर उभं राहून समोर दिसतंय त्याचा फोटो काढायला इथे कोणाची परवानगी लागत नाही. हा हक्क पक्का होण्यात मुंबईच्या एका माणसाचा वाटा आहे, हे आपल्याला फारसं माहीत नसतं. 'फायनल सोल्यूशन' हा गुजरातच्या दंगलींवरचा माहितीपट करणारे राकेश शर्मा मे २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये हातातल्या कॅमेऱ्याने रस्त्यावर चित्रीकरण करत होते. पोलिसांनी त्यांना अडवून कित्येक तास चौकशी केली. नंतर परवाना मागितला तर तोही मिळाला नाही, आणि परवाना कोणाला द्यायचा याचे लेखी नियमच नव्हते. न्यूयॉर्कच्या नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या मदतीने २००६ मध्ये त्यांनी शहरावर दावा लावला. तडजोड झाली आणि २००८ मध्ये शहराने नियम लिहून काढले. हातातला कॅमेरा किंवा ट्रायपॉड असेल आणि रस्ता, फूटपाथ अडवून ठेवणार नसाल, तर परवाना लागत नाही.

गंमत म्हणजे याच न्यूयॉर्कमध्ये १९६६ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी चित्रपटांसाठी नगरपालिकेचं स्वतंत्र कार्यालय काढलं होतं, अमेरिकेतलं पहिलं. चाळीस वर्षं कार्यालय होतं आणि एकट्या कॅमेरावाल्याने काय करायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तिथल्या मराठी मित्रांच्या तक्रारी अर्थात वेगळ्या आहेत. मोठं शूटिंग असलं की झाडांना, खांबांना पार्किंगबंदीचे कागद लावतात. ते न बघता गाडी तशीच राहिली, तर ती उचलून जवळच्या दुसऱ्या रस्त्यावर नेऊन ठेवतात. दंड होत नाही, पण आपली गाडी शोधत थंडीत चार ब्लॉक फिरावं लागतं.

म्हणजे दोन टोकं आहेत. एका टोकाला एकटा माणूस आणि त्याचा कॅमेरा; त्याला शेजाऱ्यांच्या मर्जीवर ठेवलं तर कोणाच्या गैरसोयीचं काहीच कधी चित्रित होणार नाही. दुसऱ्या टोकाला बारा ट्रक, जनरेटर, साठ माणसं आणि खोटा गोळीबार. आपण घरगुती मंडळी बहुतेक वेळा मधे कुठेतरी असतो आणि आपण कुठे आहोत याचा विचारच करत नाही. बारसं, मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा, सगळ्याला आता फोटोग्राफर असतो आणि त्याच्याकडे ड्रोन असतो. परवाना लागत नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण ड्रोन आपल्या अंगणावरून उडताना पलीकडच्या अंगणात पोहत असलेल्या बाईला आपली मुंज दिसत नाही, तिला फक्त डोक्यावर कॅमेरा दिसतो. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्येच कायदा बदलून, दुसऱ्याच्या जागेवर ड्रोन नेऊन त्यांचे खासगी क्षण टिपणं दाव्याला पात्र ठरवलं आहे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची केंद्रीय विमानवाहतूक खात्याकडे नोंदणी लागते. फोटोग्राफरने ती केली आहे का, हे विचारायला एक मिनिट लागतं. पलीकडच्या घरी जाऊन "रविवारी अकरा ते साडेअकरा" सांगायला पाच मिनिटं. सोबत लाडू नेले तर पंधरा, कारण मग त्या पाककृती विचारतात.

एक बाजू सांगायची राहिली. आमच्याच रांगेत एक शेजारी आहेत, त्यांचं काम प्रकाशयोजनेचं. २०२३ मध्ये आधी लेखकांचा आणि मग नटांचा संप झाला, महिनोन्‌महिने काम बंद. संप मिटल्यावरही पूर्वीइतकं काम परत आलं नाही. जॉर्जियात, कॅनडात, ब्रिटनमध्ये शूटिंग स्वस्त पडतं म्हणून निर्माते तिकडे जातात. शेवटी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने चित्रपटांसाठीची वार्षिक करसवलत ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर नेली. या गृहस्थांना दारावरचा कागद दिसला, की ते तो वाचून घडी घालून खिशात ठेवतात आणि तळाच्या नंबरवर फोन करतात. तक्रारीसाठी नाही, माणसं हवी आहेत का विचारायला. पलीकडच्या घरात तान्हं बाळ आहे, त्यांना तोच कागद नकोसा होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि रात्री दहा ही वेळ या दोघांच्या मधे कुठेतरी ठरलेली आहे.

आमचा लघुपट मंडळाच्या कार्यक्रमात दाखवल्यापासून दोन-तीन ठिकाणच्या ग्रुपनी आमच्या पत्राची प्रत मागितली. एक न्यू जर्सीहून, एक दुबईहून. दुबईच्या मित्रांना मी सांगितलं, की तुमचे नियम वेगळे आणि कडक, आधी तिथला परवाना बघा, पत्र नंतर. पण पत्रात काय असावं ते कुठेही तेच. तारीख आणि वार दोन्ही लिहा. 'संध्याकाळी' लिहू नका, घड्याळाची वेळ लिहा, आणि आवाजाची वेळ वेगळी लिहा. काय ऐकू येईल ते साध्या शब्दांत : किंकाळी, भांडण, कुत्र्याचं भुंकणं, ढोल. गाड्या किती आणि कुठे. शेजारी कुठली भाषा वाचतात ते आधी बघा. 'सहकार्याबद्दल आगाऊ आभार' हे वाक्य गाळलं तरी चालतं, ते वाचून अजून कोणी सहकार्य केलेलं मी पाहिलेलं नाही. पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या नंबरवर आदल्या दिवशी आणि त्या दिवशी, दोन्ही वेळा कळवा, कारण पाळी बदलते.

आणि फोन नंबर. बहुतेक जण दिग्दर्शकाचा देतात. शॉट चालू असताना सेटवरचे सगळे फोन बंद असतात, दिग्दर्शकाचा तर आधी. आमच्याकडे तो नंबर माझा होता, म्हणून मी तिन्ही तास घराबाहेर, कोपऱ्यावरच्या दिव्याखाली खुर्ची टाकून बसलो होतो. त्या रात्री सात फोन मी केले आणि चार मला आले. त्यातला एक ग्वाटेमालाच्या आजींच्या मुलाचा होता. आई विचारतेय, म्हणाला, तिकडच्या आजीने काही खाल्लं का?